खुलं पत्र: पोकाहॉन्टसला बोटीत बसवून घरी पाठवणाऱ्यांना

डिस्नेच्या होम व्हिडिओ आणि स्ट्रीमिंगचं काम बघणाऱ्या समस्त मंडळींना,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय कारण चिडले की मला इंग्रजी सुचत नाही, आणि तुमच्याकडे भाषांतर करणारी माणसं असणारच. शिवाय हे तुमच्यासोबत आपल्या लोकांनीही वाचावं असं वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी हा सिनेमा लहानपणी बघितलाय आणि त्याचा शेवट खरा समजून ते मोठे झालेत.

विषय तुमचा कार्टून सिनेमा 'पोकाहॉन्टस २: जर्नी टू अ न्यू वर्ल्ड', अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या मूळनिवासींचा प्रमुख पॉहॅटन याच्या मुलीवरचा, म्हणजे खऱ्याखुऱ्या पोकाहॉन्टसवरचा. १९९५ च्या पहिल्या भागाचा सिक्वल, १९९८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत थिएटरचं तोंडही न दाखवता थेट व्हिडिओ कॅसेटवर काढलात तो. मग डीव्हीडी आली, २०१२ ला पहिल्या भागासोबत जोडीने ब्लू-रे आली, आता तुमच्या ॲपवर आहे. एवढ्या वेळा नव्या पाकिटात घालून विकलात, पण एकदाही तुम्हाला पाकिटावर किंवा सिनेमाच्या शेवटी एक ओळ टाकावीशी वाटली नाही की बाबांनो, ही बाई प्रत्यक्षात घरी पोचली नव्हती.

मी ग्रेव्हसेंडला राहते. लंडनच्या पूर्वेला, थेम्सच्या काठावर, केंटमधे. मराठी घरं मोजकीच आहेत, पंजाबी मंडळी भरपूर, त्यामुळे भाजी-मसाल्याची चंगळ आहे, असो. तर या गावात सेंट जॉर्ज चर्च आहे आणि त्याच्या आवारात पोकाहॉन्टसचा ब्राँझचा पुतळा उभा आहे, दोन्ही हात जरासे पुढे, तळवे उघडे. व्हर्जिनियात जेम्सटाउनला, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या वसाहतीच्या जागी, १९२२ पासून जो पुतळा आहे त्याचीच ही दुसरी प्रत, १९५८ साली व्हर्जिनियाच्या लोकांनी या गावाला भेट दिलेली. ती इथे का आहे? कारण पोकाहॉन्टस इथे मेली. मार्च १६१७, परतीच्या बोटीत बसली होती, लंडनहून निघालेली बोट समुद्रालासुद्धा लागली नव्हती आणि तिला इथे किनाऱ्यावर उतरवावं लागलं. वय साधारण एकवीस. २१ मार्चला तिला चर्चमधे पुरलं. १७२७ ला ते जुनं चर्च जळालं, नवं बांधलं, आणि आता नेमकी जागा कुणालाच सांगता येत नाही.

भारतातनं कुणीही आलं की लंडन आय, राणीचा वाडा वगैरे उरकून शेवटच्या दिवशी मी त्यांना इथे आणते. आणि दर वेळी तेच. मागे माझी वहिनी पुण्याहून आली होती, पुतळ्यासमोर उभी राहून मला म्हणते, "अगं पण ती तर जहाजातनं परत गेली ना, सूर्यास्त वगैरे, तो रॉल्फ डेकवर लपलेला असतो." (रॉल्फ म्हणजे तिचा इंग्रज नवरा, जॉन रॉल्फ.) मी म्हटलं नाही गेली. तर वहिनी पुतळ्याकडे अशी बघायला लागली जणू पुतळ्याचंच काहीतरी चुकलंय. हसू आलं तेव्हा, पण घरी आल्यावर वाईट वाटायला लागलं, कारण वहिनी काही अडाणी बाई नाही, इतिहासात एमए आहे, पेशव्यांच्या तारखा तोंडपाठ. पण पोकाहॉन्टसचं तिला जे काही माहितीये ते सगळं तुमच्याकडून आलंय. दुसरं कुणी सांगायलाच आलं नाही. आमच्याही घरी ती कॅसेट होती, अमेरिकेतल्या काकांनी आणलेली. तिकडची कॅसेट इकडच्या साध्या व्हीसीआरवर लावली की चित्र काळंपांढरं यायचं, मग शेजाऱ्यांकडे मल्टिसिस्टिमवाला होता म्हणून सगळी पोरं तिकडे बसून बघायची. म्हणजे किती कष्टाने आम्ही ते खोटं मिळवून बघितलं बघा.

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणाल, कार्टून आहे हो, दंतकथा आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. पहिल्या भागाबद्दल हे मी एक वेळ ऐकून घेईन. जॉन स्मिथ या जेम्सटाउनच्या इंग्रज कप्तानाला तिच्या बापाच्या हातून वाचवायला तिने स्वतःचं डोकं मधे घातलं ही गोष्ट मुळात स्मिथनेच सांगितलेली, आणि सविस्तर छापली ती १६२४ ला, ती जाऊन सात वर्षं झाल्यावर, तेव्हा तिथे अभ्यासकच भांडतात तर तुम्ही गाणी घाला, पानं उडवा. (खरं तर १६०७ ला ती दहा-अकरा वर्षांची पोर होती आणि तो सत्तावीसचा, त्यामुळे ते प्रेमप्रकरण हा विषय मी इथे काढतच नाही, काढला तर पत्र संपणार नाही.) पण सिक्वल १६१६-१७ च्या लंडनमधे घडतो, आणि तिथे दंतकथा म्हणून हात झटकता येत नाहीत. कागद आहेत. पत्रं आहेत, चर्चचं रजिस्टर आहे, तिला समोर बसवून काढलेलं चित्र आहे.

आणि माझी खरी तक्रार इथे सुरू होते, की तुमच्या लोकांनी हे वाचलेलं होतं.

कशावरून म्हणता? उट्टमाटोमॅकिन. हे नाव कुणी झोपेत रचत नाही. सिनेमात तुम्ही त्याला तिचा अवाढव्य अंगरक्षक केलाय. खरा उट्टमाटोमॅकिन पॉहॅटनचा जावई, म्हणजे हिच्या बहिणीचा नवरा, आणि त्यांच्यातला धर्माचं बघणारा मोठा माणूस. पॉहॅटनने त्याला सांगून धाडलं होतं की तिकडे माणसं किती आहेत ते काठीवर खाचा पाडून मोजून ये. बिचारा प्लिमथला उतरला, खाचा पाडायला लागला, आणि थोड्याच दिवसांत कंटाळून काठी सोडून दिली. आणि जेम्स राजाला भेटूनसुद्धा त्याला पत्ता नव्हता की हाच राजा, इतका तो साधा दिसला! पुढे स्मिथला त्याने ऐकवलं की तू पॉहॅटनला पांढरं कुत्रं दिलंस तर त्याने ते स्वतःसारखं जेवूखाऊ घातलं, तुमच्या राजाने मला काही दिलं नाही, आणि मी त्या कुत्र्यापेक्षा बरा आहे की. सांगा मला, असला माणूस हातात असताना तुम्ही त्याचा अंगरक्षक करता? कॉमेडी हवी होती तर ती तिथेच होती, पण त्यात हसू तुमच्या राजावर आलं असतं.

स्मिथ मेला अशी बातमी येते आणि मग तो लंडनला जिवंत भेटतो, हेही तुम्ही घेतलंय. तेही खरंय! १६०९ ला बंदुकीच्या दारूने भाजून तो इंग्लंडला परतला होता आणि तिला सांगितलं होतं की गेला तो. सात वर्षांनी ब्रेंटफर्डला तो तिला भेटायला आला तर ती काय पळत जाऊन गळ्यात पडली नाही. तिने तोंड फिरवलं, तोंड झाकून घेतलं आणि दोन-तीन तास बोललीच नाही. मग बोलली ते असं की स्मिथला ते लिहून ठेवावंसं वाटलं. आमच्या मुलखात तू परका असताना माझ्या बापाला बाप म्हणायचास, मग इथे परकी मी आहे तर तुला बाप का म्हणू नको. आणि तू मेलास असंच आम्हाला सगळे सांगत होते, पण बापाने उट्टमाटोमॅकिनला तुझा शोध घ्यायला सांगितलंय, कारण तुझ्या देशाची माणसं फार खोटं बोलतात.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा किचनमधे उभी होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरले. चारशे वर्षांपूर्वीची बाई, परक्या देशात, परक्यांचे कपडे घालून, त्या माणसाच्या तोंडावर बोलतेय. तुमच्याकडे आयरीन बेडर्डसारखा आवाज होता, ती स्वतः मूळनिवासी वंशाची. हा संवाद तिला द्यायचा सोडून तुम्ही शेवटी तिला कोडं काय घातलंत तर स्मिथ का रॉल्फ.

रॉल्फचं तर विचारूच नका. तुमचा रॉल्फ राजाचा दूत, देखणा, जरा बावळट, जेम्सटाउनला रस्त्यात भेटतो, आधी खटके उडतात मग सूत जमतं, आपल्या सिरियलींमधे जमतं तसंच. खरा रॉल्फ तंबाखूवाला. बाहेरनं गोड तंबाखूचं बी आणून त्याने व्हर्जिनियात लावलं आणि त्या तोट्यातल्या वसाहतीला पैसा दिसायला लागला. आणि त्याच्याआधी १६१३ आहे, जे तुम्ही अख्खंच्या अख्खं गिळलंत. त्या वर्षी सॅम्युअल आर्गॉल नावाच्या कप्तानाने तिला फसवून जहाजावर बोलावलं आणि पळवून नेलं. ज्यांनी तिला तिथवर आणून सोडलं त्या तिच्याच लोकांपैकी एका जोडप्याला बदल्यात तांब्याचं भांडं मिळालं. आमचे धरलेले लोक सोडा, हत्यारं द्या, मका द्या, मग पोरगी परत, असा सौदा. वर्षभर ती त्यांच्या ताब्यात. त्याच काळात बाप्तिस्मा, नाव रेबेका, आणि एप्रिल १६१४ मधे लग्न. त्याआधी कोकोउम नावाच्या माणसाशी तिचं लग्न झाल्याचा उल्लेखही सापडतो, त्याला तर तुम्ही पहिल्याच भागात गोळी घातलीत. लग्नाची परवानगी मागायला रॉल्फने गव्हर्नरला लांबलचक पत्र लिहिलंय, त्यात माझं मन तिच्यावर जडलंय हे आहे आणि हे मी देहाच्या वासनेपोटी करत नाही, वसाहतीच्या भल्यासाठी करतोय हेही आहे. प्रेम असेलही त्याचं. तिचं होतं का ते कुणी लिहून ठेवलं नाही. पण 'ऐतिहासिक प्रेमकथा' म्हणून विकायची आणि कैद तेवढी गाळायची याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा, मी अपशब्द वापरणार नाही असं ठरवून बसलेय.

इंग्लंडला ती का आली तेही तुम्ही गोड केलंत. तुमच्या सिनेमात ती बापाच्या वतीने शांतता करायला येते, हंट बॉल नावाच्या दरबारी मेजवानीत राजाला जिंकायचं, नाहीतर तुमचा खलनायक रॅटक्लिफ याचं आरमार निघालंच. प्रत्यक्षात व्हर्जिनिया कंपनीला, म्हणजे ती वसाहत चालवणाऱ्या कंपनीला, पैसे लावणारे लोक हवे होते आणि बघा आमच्या वसाहतीत कसं छान चाललंय हे दाखवायला त्यांनी तिला आणलं, खर्च कंपनीचा. सोबत तिच्या लोकांपैकी दहा-बारा जण आणि एक तान्हा मुलगा, थॉमस. हो, मुलगा होता! सिनेमात त्याचा मागमूस नाही. १६१७ च्या जानेवारीत व्हाइटहॉलला राजासमोर नाटकाचा कार्यक्रम झाला, तिथे तिला चांगल्या जागी बसवलं होतं असं एकाने पत्रात लिहिलंय. त्याच सुमाराचं तिचं चित्र बघा कधी, उंच हॅट, गळ्याभोवती कडक लेसची कॉलर, हातात पिसांचा पंखा, गालाची हाडं वर आलेली, आणि नजर अशी की हे कधी संपतंय. तुम्ही त्याच जागी पावडर फासण्याचं गाणं घातलंत. ते गाणं वाईट नाहीये खरं तर, गोऱ्या रंगाचा थर चढताना दाखवलाय त्यात बोचणारं काहीतरी आहे, आणि मेजवानीत अस्वलाचा छळ बघून ती उसळते तो प्रसंगही मला आवडतो. म्हणजे कुणीतरी तुमच्याकडे विचार करत होतं. म्हणून तर जास्त राग येतो.

आणि शेवट. १६१७ च्या मार्चमधे जे जहाज तिला परत न्यायला निघालं, त्याचा कप्तान कोण होता? सॅम्युअल आर्गॉल. तिला पळवणाराच! हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं की जरा जास्तच होतंय. त्या जहाजावर ती आजारी पडली, ग्रेव्हसेंडला उतरवली, गेली. रॉल्फ पुढे निघाला. मुलगाही आजारी, त्याला प्लिमथला सोडला, तो नातेवाइकांकडे वाढला आणि व्हर्जिनियाला पोचला तो जवळपास वीस वर्षांचा होऊन. पॉहॅटन पुढच्याच वर्षी गेला. आणि इथल्या चर्चच्या रजिस्टरमधे तिची नोंद केलीये तीसुद्धा चुकीची, 'रेबेका रोथ, थॉमस रोथची बायको, व्हर्जिनियात जन्मलेली बाई' अशा अर्थाची. नवऱ्याचं आडनाव चुकलं, नवऱ्याचं नावही चुकलं. तिचं स्वतःचं नाव, मटोआका, ते तर त्या ओळीत नाहीच.

त्या कारकुनाला मी माफ करते, ऐकून लिहिलं असेल घाईत. तुम्हाला वेळ होता.

मुलांच्या सिनेमात मरण कसं दाखवणार, असं म्हणू नका प्लीज. बांबीची आई १९४२ ला तुम्हीच मारलीत. मुफासाला १९९४ ला तुम्हीच कड्यावरून टाकलंत, आमची अख्खी पिढी रडली आणि ठीकठाक मोठी झाली. हरणाची आई मरू शकते, सिंहाचा बाप मरू शकतो, मग जी खरोखरची मेली तिलाच तेवढी सूर्यास्तात का पाठवायची?

आपल्या मराठी वाचकांना यात नवीन काही वाटणार नाही. इकडे एखादा ऐतिहासिक सिनेमा आला की पहिल्या दिवसापासून बखरीत काय, अस्सल कागदात काय, दिग्दर्शकाने कुठे 'लिबर्टी' घेतली यावर हाणामारी सुरू, कधीकधी अती होतं तेही मान्य. पण निदान भांडायला आपली माणसं असतात. पोकाहॉन्टसच्या लोकांची संख्या आज थोडी आहे. पामंकी जमातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता मिळाली २०१५ ला, व्हर्जिनियातल्या आणखी सहा जमातींना २०१८ ला. म्हणजे तुमची कॅसेट दुकानात लागली तेव्हा तिच्या लोकांपैकी एकाही जमातीला त्यांची दिल्ली, म्हणजे वॉशिंग्टन, अधिकृतपणे ओळखत नव्हतं, आणि तिच्या नावाचे जेवणाचे डबे मात्र विकले जात होते. पहिल्या भागावर त्यांच्यातल्या लोकांनी हरकत घेतली होती, जाहीरपणे. तरी तीन वर्षांनी हा सिक्वल असा निघाला.

सिनेमा बंद करा, ॲपवरून काढा असं मी म्हणत नाहीये. काढून टाकलात तर तुम्ही सुटलात, आणि ज्यांनी बघितलाय त्यांच्या डोक्यात तो आहे तसाच राहणार. माझं मागणं साधं आहे.

शेवटचं जहाज गेलं की नावं सुरू व्हायच्या आधी, काळ्या पाटीवर, मुलांनाही वाचता येईल अशा भाषेत चार वाक्यं टाका: तिचं नाव मटोआका होतं, तिला १६१३ ला कैद केलं होतं, तिला थॉमस नावाचा मुलगा होता, ती १६१७ ला इंग्लंडमधे ग्रेव्हसेंडला वारली आणि घरी परतली नाही. ॲपवर आणि जिथे म्हणून डिस्क निघत असेल तिथे, दोन्हीकडे. २०२० मधे पीटर पॅन आणि डम्बोच्या आधी तुम्ही सूचना लावल्याच होत्यात, म्हणजे पाटी कशी लावतात हे तुम्हाला मी शिकवायला नको.

जितक्या भाषांत सिनेमाचं डबिंग किंवा सबटायटल आहे तितक्या भाषांत ती पाटी हवी. नुसती इंग्रजीत लावून मोकळे होऊ नका.

पुन्हा कधी डिस्क काढलीत तर त्यात एक छोटी डॉक्युमेंटरी घाला, वीस मिनिटांची चालेल, आणि ती व्हर्जिनियाच्या जमातींमधल्या लोकांनी सांगितलेली असू दे, त्यांना रीतसर पैसे देऊन. त्यांच्यात या गोष्टीच्या तोंडी आठवणी चालत आल्यात, त्या इंग्रजांच्या कागदांशी सगळीकडे जुळत नाहीत, त्याही येऊ द्यात. मेकिंगमधे गाणी कशी केली हे आम्ही बघितलं की भरपूर.

आणि पाकिटावर, ॲपवरच्या दोन ओळींच्या माहितीत, 'खऱ्या व्यक्तीवरून, पण शेवट काल्पनिक' एवढं लिहा. एवढ्याने तुमची विक्री पडणार नाही. पडलीच तर मी दोन डिस्क घेईन, एक वहिनीला पाठवेन.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल, इथेच सगळ्यांसमोर टाकेन, मराठीत करून. आणि तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर लंडनहून ट्रेन आहे, स्टेशनपासून चर्च चालत पाच-दहा मिनिटं, मी दाखवायला येईन.

कळावे,
ग्रेव्हसेंडची एक मराठी प्रेक्षक